फॉरमॅट करू का?

"दादा, फोर-केमध्ये शूट केलंय."

एडिटसाठी फुटेज घेऊन येणाऱ्या नव्या मुलांचं पहिलं वाक्य हेच असतं. गोष्ट काय आहे, हे त्यानंतर कळतं. काम कोणी केलंय, हे त्याच्याही नंतर. आवाज कसा घेतलाय, हे मी विचारल्याशिवाय कळत नाही. आणि सगळं फुटेज एकाच हार्ड डिस्कवर आहे, दुसरी प्रत काढलेलीच नाही, हे कळतं चहा पिऊन झाल्यावर, जाता जाता.

हा क्रम उलटा आहे. कमी पैशांत सिनेमा करणाऱ्याला तो फार महाग पडतो. आज तेवढंच बोलायचंय.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. माळशिरस तालुक्यातला एक मुलगा ऊसतोडीवर पंचवीस मिनिटांची फिल्म करत होता. पैसे घरचे, थोडे मित्रांचे. कॅमेरा पुण्याहून भाड्याने आणायचा, तोही चारच दिवस. कशात शूट करायचं हे ठरवायला आम्ही पाच जण बसलो. कॅमेऱ्यात पर्याय बरेच होते. कोणीतरी म्हणालं, "मोठ्यात मोठं घेऊ. नंतर पस्तावायला नको." सगळ्यांच्या माना डोलल्या. ठरलं : फोर-के, प्रोरेस ४२२ एचक्यू. एडिटर म्हणून मी त्या बैठकीत होतो. हिशेब मला येत होता. पोराचा उत्साह मोडायला नको म्हणून मी तो मांडला नाही. ती चूक माझी.

तो हिशेब आता मांडतो. सेकंदाला २५ फ्रेमनी घेतलेलं फोर-के प्रोरेस ४२२ एचक्यू सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट जागा खातं. म्हणजे तासाला ३३२ जीबी. दिवसाला तीन तासांचं फुटेज धरलं, तर एक टीबी. ऊसतोडीत तीन तास सहज होतात, कारण माणसं राबत असतात आणि कॅमेरा बंद करवत नाही. साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने एक टीबी उतरवायला पावणेतीन तास लागतात. दुसरी प्रत काढायची तर साडेपाच. शूट पहाटे पाचला सुरू होणार, रात्री आठला संपणार, जेवणं नऊला. दोन्ही प्रती होईतोवर अडीच वाजणार, आणि पुन्हा पहाटे पाच. चार दिवसांचे चार टीबी, दोन प्रतींचे आठ.

त्याच कॅमेऱ्यात दुसरा पर्याय होता. तेच फोर-के, पण एच.२६४मध्ये, सेकंदाला १०० मेगाबिट. तासाला ४५ जीबी, दिवसाला १३५. एक प्रत तेवीस मिनिटांत. जेवणाचं ताट उचलेपर्यंत दोन्ही प्रती तयार.

तिसऱ्या दिवशी शेवटचा फड होता. मालकाने आधीच सांगून ठेवलं होतं, "आज तुटला की संपलं." पहाटे टोळी आली. कोयते चालू झाले. दिग्दर्शकाच्या मनात एकच शॉट होता. उसाच्या दाट भिंतीसमोर कॅमेरा लावायचा आणि हलवायचा नाही. समोरून ऊस पडत जाणार, मोळ्या बांधल्या जाणार, आणि शेवटची सरी पडली की मागच्या पाचटाच्या कोप्या दिसणार. पूर्ण फिल्मभर ज्यांचा फक्त उल्लेख येतो त्या कोप्या, त्यांच्यासमोरची चूल, आणि चुलीशी बसलेलं पोर. शॉट मिळाला. शेवटच्या सरीला उजेडही असा तिरपा आला, की कॅमेरामनने मॉनिटरवरून डोळे काढले नाहीत.

कार्ड भरलं. दुसरं कार्ड आधीच भरून लॅपटॉपला लागलेलं. आता ट्रॅक्टरमध्ये मोळ्या चढायला लागल्या होत्या, तेही हवं होतं. बांधावर, छत्रीखाली, मुलाची चुलतबहीण लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. शॉटचं कार्डही तिने घाईने डिस्कवर उतरवून घेतलं. पट्टी शेवटपर्यंत गेलेली दिसली. वरून आवाज आला, "कार्ड दे, कार्ड दे!" तिने विचारलं, "फॉरमॅट करू का?" दिग्दर्शक म्हणाला, "कर."

त्या शॉटची फाइल डिस्कवर होती. नाव बरोबर, आकारही जवळपास बरोबर. उघडत नव्हती. उतरवताना मध्येच केबल हलली असावी. कार्डावर तोवर ट्रॅक्टर आणि मोळ्यांचं फुटेज पुन्हा लिहिलं गेलं होतं, त्यामुळे तिथून काही परत निघणं शक्य नव्हतं. संध्याकाळपर्यंत ऊस कारखान्याच्या काट्यावर पोचला. दुसऱ्या दिवशी टोळीने कोप्या मोडल्या आणि गाडी पुढच्या गावाला गेली.

फिल्म पूर्ण झाली. दोन महोत्सवांत दाखवलीही गेली. बघणाऱ्याला काही कमी आहे असं वाटत नाही. मला वाटतं, प्रत्येक वेळी, त्याच जागी.

दोष त्या मुलीचा मुळीच नव्हता. दोष आमच्या बैठकीचा होता. फोर-के हवं का, रॉ हवं का, लॉग हवं का, हे सगळं आम्ही बोललो. रोज रात्री या सगळ्याच्या दोन प्रती कोण काढणार, कशावर काढणार आणि कधी झोपणार, हे कोणीच विचारलं नाही. म्हणून कोणीही फॉरमॅटचं विचारलं की माझं उत्तर आता ठरलेलं आहे : ज्याच्या दोन प्रती त्याच रात्री काढून, उघडून, तपासून होतात, तोच तुमचा फॉरमॅट. त्याहून मोठा असेल तर तो तुम्हाला परवडत नाही, मग कॅमेऱ्याचं भाडं कितीही स्वस्त असो.

कॅसेटच्या काळात हा प्रश्न नव्हता. १९९५ साली डीव्ही आलं आणि घरगुती आकाराच्या कॅमेऱ्यात पहिल्यांदाच बऱ्यापैकी डिजिटल चित्र मिळायला लागलं. सेकंदाला २५ मेगाबिट, तासाभराची मिनीडीव्ही कॅसेट, संगणकात घेतली की तेरा जीबीच्या आसपास. आजच्या हिशेबाने किरकोळच. पण त्या कॅसेटचा एक मोठा गुण तेव्हा आमच्या लक्षातच आला नव्हता. शूट झालं की कॅसेट काढायची, तिची लाल पट्टी सरकवायची, वर पेनाने नाव लिहायचं आणि डब्यात टाकायची. संगणक बसला, डिस्क गेली, तरी मूळ कॅसेट डब्यात असायचीच. कॅसेट कोणी त्याच दिवशी पुसत नसे. कार्ड मात्र आपण रोज पुसतो. मूळ प्रत रोज स्वतःच्या हाताने नष्ट करणारी आपली पहिलीच पिढी, आणि या कामाला आपण शब्दही तोच ठेवलाय : फॉरमॅट.

(त्या कॅसेटी अजून घरात असतील, तर या महिन्यात उतरवून घ्या. चालणारे डेक कमी होत चाललेत, आणि ज्या फायरवायर केबलने ते संगणकाला जोडायचे तिची जागाच नव्या लॅपटॉपवर नसते. गावोगावच्या तमाशाची, दशावताराची, भजनी मंडळांची, बंद पडलेल्या नाटकांची रेकॉर्डिंग अशा डब्यांत पडून आहेत.)

त्याच्याही आधीपासून व्हीएचएस होतं. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला तो व्हिडिओ कॅमेऱ्यावर, आणि ट्रॉली नाही म्हणून सायकलवरून कॅमेरा फिरवला. त्या काळी असा सिनेमा जोडायचा म्हणजे एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर नक्कल करत जायचं, आणि प्रत्येक नकलेला चित्र थोडं विरघळायचं. तिसऱ्या नकलेत चेहऱ्याच्या कडा गेलेल्या असायच्या. त्या माणसांना दुसरी प्रत काढायची म्हणजे चित्राचं मोल द्यावं लागे. आपली दुसरी प्रत मुळाबरहुकूम असते, एका बिटाचाही फरक नाही, आणि ती फुकट मिळते. तरी आपण ती काढत नाही.

मोठ्या फॉरमॅटशिवाय सिनेमा होत नाही, हा समज कुठून आला कोण जाणे. एका कॅमेरामनचीच कारकीर्द बघा. अँथनी डॉड मँटल. १९९८ साली आलेला डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्ग यांचा 'फेस्टन' त्याने सोनीच्या तळहातावर मावणाऱ्या हँडीकॅमवर, मिनीडीव्हीत चित्रित केला. ज्या 'डॉग्मा ९५' जाहीरनाम्याखाली हा सिनेमा झाला, त्यात तर फिल्म ३५ एमएमची असावी असं लिहिलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की थिएटरला पोचणारी प्रत ३५ एमएमची हवी, चित्रण कशातही करा. कान महोत्सवात सिनेमाला ज्यूरी पारितोषिक मिळालं. एका घरातलं जेवणाचं टेबल, वाढदिवस, आणि माणसांच्या इतक्या जवळ गेलेला कॅमेरा, की त्या खोलीत मोठा कॅमेरा शिरलाच नसता.

२००२मध्ये आलेला डॅनी बॉइलचा '२८ डेज लेटर' त्याच माणसाने कॅनन एक्सएल-वनवर केला. तीच मिनीडीव्ही. लंडनचे रस्ते पहाटे थोडाच वेळ रिकामे मिळत. हलके, स्वस्त कॅमेरे एकाच वेळी अनेक जागी लावता येत होते, म्हणून तो निर्णय. पुढे 'स्लमडॉग मिल्येनेअर'साठी तो मुंबईत आला. धारावीच्या बोळांतून मुलांच्या मागे पळायचं होतं. एसआय-टूके नावाच्या कॅमेऱ्याचं छोटं डोकं हातात, रेकॉर्डिंग करणारा संगणक पाठीवरच्या बॅगेत. त्या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं. आणि २०२५चा '२८ इयर्स लेटर' त्याने मुख्यतः आयफोनवर चित्रित केला. तोवर पैशांची चणचण अजिबात उरली नव्हती. चारही वेळा त्याने आधी जागा बघितली, माणसं बघितली, वेळ बघितला. कॅमेरा त्यातून निघाला.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर २०११चा 'स्टॅनले का डब्बा'. अमोल गुप्ते यांनी शाळकरी मुलांबरोबर, त्यांच्या सुट्ट्या सांभाळत, कार्यशाळेसारखं शूट केलं. कॅमेरा कॅनन सेव्हन-डी, म्हणजे फोटो काढायचा कॅमेरा. छायाचित्रण अमोल गोळे यांचं. फुल एचडी, आठ बिट, एच.२६४, आणि एकेक क्लिप बारा मिनिटांच्या आसपास आपोआप थांबणारी. मुलांना समोर सिनेमाचं अवजड यंत्र दिसलं नाही, आणि मुलं मुलांसारखी वागली. पडद्यावर तेच उरलं.

आता थोडं आतलं, कारण नावांना घाबरून पोरं चुकीचं निवडतात.

किराणा दुकानातली खात्याची वही आठवा. एक दुकानदार रोज पूर्ण यादी लिहितो : साखर एक किलो, चहा पाव, तेल अर्धा लिटर. दुसरा पहिल्या तारखेला पूर्ण यादी लिहितो, आणि मग नुसतं "कालसारखंच, फक्त साखर नाही". दुसऱ्याची वही महिनोन्‌महिने पुरते. पण सतरा तारखेला काय नेलं हे विचारलं, तर त्याला मागे जाऊन एकेक दिवस जुळवत यावं लागतं. एच.२६४ आणि एच.२६५ साधारणपणे या दुसऱ्या पद्धतीने लिहितात. एक फ्रेम पूर्ण, पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. प्रोरेस पहिल्या पद्धतीचं. प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण. म्हणून प्रोरेसची फाइल अवाढव्य असते, पण जुन्या लॅपटॉपवरही सुरळीत पळते. एच.२६५ची फाइल इवलीशी असते, आणि टाइमलाइनवर टाकली की पंखा ओरडायला लागतो.

यावर उपाय साधा आहे. शूट आटोपशीर फॉरमॅटमध्ये करा, आणि एडिटच्या आधी सगळ्या फाइलींच्या हलक्या नकला, म्हणजे प्रॉक्सी, काढा. रात्रभर मशीन चालू ठेवलं की सकाळी तयार. एडिट प्रॉक्सीवर, शेवटचा रेंडर मूळ फाइलींवरून. एवढ्यासाठी नवा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ नका.

दुसरं नाव म्हणजे आठ बिट आणि दहा बिट. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटमध्ये १०२४. जिथे रंग हळूहळू बदलतो तिथे हा फरक उघडा पडतो. माणदेशातलं संध्याकाळचं कोरं आभाळ घ्या. आठ बिटमध्ये घेऊन, नंतर संगणकावर रंग ताणायला गेलात, की आभाळाच्या पट्ट्या पडतात, शेताच्या ताली दिसाव्यात तशा. दहा बिट मिळत असेल तर जरूर घ्या. नसेल तर लॉगच्या नादी लागू नका. लॉग म्हणजे मुद्दाम फिकट, दबलेलं चित्र, पुढे रंग ओढायला वाव राहावा म्हणून. आठ बिटमध्ये ओढायला मालच कमी असतो. अशा वेळी जागेवरच रंग आणि उजेड बरोबर करून घ्यावेत, शूट झाल्यावर त्यांना हात लावू नये. ४:२:० आणि ४:२:२चंही तसंच. पहिल्यात उजेडाचा तपशील पूर्ण, पण रंगाचा चौथा हिस्सा. दुसऱ्यात रंगाचा निम्मा. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो, म्हणून एरवी पहिल्याने काही बिघडत नाही. हिरव्या पडद्यासमोर शूट करणार असाल तर मात्र दुसरंच हवं, नाहीतर केसांच्या आणि पदराच्या कडा करवतीसारख्या दिसतात.

खरा घात होतो तो फोनवर, आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. बहुतेक फोन आपणहून ३० फ्रेमवर असतात. त्यात शटर साठाव्या भागावर गेलं, की स्वयंपाकघराच्या भिंतीवरून काळसर पट्टे सरकत जातात, आणि ते नंतर निघत नाहीत. २५ फ्रेम आणि शटर पन्नासाव्या भागावर ठेवलं की प्रश्न मिटतो. आणखी एक खोड म्हणजे फोन उजेडाप्रमाणे आणि स्वतःच्या सोयीप्रमाणे फ्रेमचा वेग गुपचूप कमीजास्त करतो. वेगळा रेकॉर्डर लावून आवाज घेतला असेल तर दहा मिनिटांच्या शॉटमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांना सोडून जातात. मी एक पूर्ण कीर्तन असं वाक्यावाक्याला कापून जुळवलंय. आठ दिवस गेले. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट मिळतं. त्यात फ्रेमचा वेग आणि शटर बांधून ठेवता येतं. शूटच्या आदल्या दिवशी ते उतरवून दहा मिनिटं हात बसवला असता, तर माझे ते आठ दिवस वाचले असते आणि बुवांचा आवाजही अखंड राहिला असता.

आवाजाचं नाव निघालंच आहे, तर एक आकडा लक्षात ठेवा. सिनेमाला लागणारा उत्तम दर्जाचा, जराही न दाबलेला आवाज, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका मायक्रोफोनचा, तासाला अर्धा जीबी जागा घेतो. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या सिनेमाचा संवाद याच दर्जात रेकॉर्ड होतो. चित्राला ३३२ जीबी द्यायला तुम्ही तयार आहात, आणि आवाजाला अर्धा जीबी आणि एक माणूस द्यायला तयार नाही. बूम धरायला वेगळं माणूस घ्या. ते शूट संपेपर्यंत दुसरं कुठलंही काम करणार नाही असं ठरवून घ्या. महोत्सवात लोक धूसर चित्र सोसतात. ऐकू न येणारा संवाद आला की पहिल्या पाच मिनिटांत खुर्च्या वाजायला लागतात. हे मी मागच्या रांगेत बसून पुष्कळदा बघितलंय.

"पण दादा, थिएटरला लागली तर?"

लागू दे की. थिएटरला जी डिजिटल प्रत जाते तिला डीसीपी म्हणतात. असंख्य पडदे अजूनही टू-केचेच आहेत. त्यातल्या नेहमीच्या पसरट चौकटीचा आकार १९९८ गुणिले १०८०. आपल्या फुल एचडीचा १९२० गुणिले १०८०. उंची तंतोतंत तीच, रुंदीत ७८ ठिपक्यांचा फरक. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'ह्यूगो'ला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, तो ज्या ॲलेक्सा कॅमेऱ्यावर झाला त्याचं चित्र फोर-केपर्यंत पोचतच नव्हतं. प्रेक्षकांनी कधी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

ओटीटीचंही भूत असंच मानगुटीवर असतं. नेटफ्लिक्सकडे मान्य कॅमेऱ्यांची यादी आहे आणि ते फोर-के मागतात, हे खरं. पण ती अट त्यांच्या स्वतःच्या निर्मितीसाठी. तिथे पैसा त्यांचा, डिस्का त्यांच्या आणि डेटा सांभाळणारी माणसंही पगारी. तुम्ही तुमच्या पैशांनी केलेली फिल्म उद्या कोणी विकत घेतली, तर ती फिल्म म्हणून घेतील.

फोर-केशी माझं भांडण नाही. मोकळ्या रानात, एकाच कॅमेऱ्याने, पुन्हा न घडणारं काही घेत असाल तर फोर-के जरूर घ्या, पण एच.२६४सारख्या आटोपशीर कोडेकमध्ये. फिल्म फुल एचडीत पूर्ण करायची. मग चौकट थोडी आत घेता येते, हललेला शॉट सावरता येतो, आणि चित्रही घट्ट होतं. घरातल्या गोष्टी असतील, चेहरे असतील, रंगांवर काम करायचं असेल, तर फुल एचडीतच शूट करा, पण प्रोरेस ४२२मध्ये. तो तासाला ५५ जीबी घेतो, म्हणजे आटोपशीर फोर-केपेक्षा जरासाच जास्त. या दोनपैकी एक बहुतेकांना पुरतं. रॉचा, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या चित्राचा, मोह ज्याला आवरत नाही त्याने आधी डेटा बघणारं वेगळं माणूस नेमावं, त्याला मानधन द्यावं आणि झोपायला खोली द्यावी. तेवढं जमलं तर खुशाल रॉ घ्यावं, चित्र सुंदरच मिळतं.

दुकानात फसू नका. कार्डावर लिहिलेलं व्ही-थर्टी म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. कॅमेऱ्यातला १०० हा आकडा मेगाबिटचा असतो. आठ मेगाबिटचा एक मेगाबाइट, म्हणजे १०० मेगाबिटला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट पुरेत. साधं, खरं, ओळखीच्या दुकानातून बिलासकट घेतलेलं व्ही-थर्टी कार्ड चालतं. त्याच्या चौपट किमतीचं कार्ड गळ्यात मारतील, घेऊ नका. त्या पैशांत दोन जास्तीची कार्डं येतात, आणि जास्तीचं कार्ड जवळ असलं की बांधावर उन्हात बसून कोणाला घाईने काही पुसावं लागत नाही. भाड्याने घेताना एक गोष्ट मात्र हट्टाने मागा : दोन कार्डांचा कॅमेरा, दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्ड करणारा. लेन्स एक कमी आली तरी चालेल.

तो माळशिरसचा मुलगा या हंगामात पुन्हा फडावर गेलाय. फिल्म दुसरी आहे, मुकादमाकडून उचल घेतलेल्या एका जोडप्याची. या वेळी बैठकीत मी आधी हिशेबाचा कागद ठेवला. आटोपशीर फोर-के, दोन कार्डांचा कॅमेरा, दोन डिस्का. एक डिस्क शूटबरोबर, दुसरी रोज रात्री गावातल्या आत्याच्या घरी, लोखंडी कपाटात. एका घराला काही झालं तरी दुसऱ्या घरात फिल्म असेल. डेटा सांभाळायला तीच चुलतबहीण, आता पदवी झालेली. तिने एक दोनशे पानी वही घातली आहे. कार्डाचा नंबर, शॉट, पहिली प्रत, दुसरी प्रत, आणि शेवटच्या रकान्यात 'उघडून बघितली' अशी खूण. दोन फाइली जुळतात का हे तपासणारं सॉफ्टवेअरही ती चालवते, पण वहीवरची खूण ती क्लिप स्वतः शेवटपर्यंत बघितल्याशिवाय करत नाही.

परवा रात्री साडेनऊला तिचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी हसणं.

"काका, सगळं उतरवलं. दोन्ही प्रती उघडल्या, शेवटपर्यंत बघितल्या. आत्याकडची डिस्क पोचवून आले." मग थोडी थांबली. "फॉरमॅट करू का?"

"कर," मी म्हटलं.